सदतीसचा आकडा

आमच्या भावजयीला काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "ते अवलंबून आहे." चहा घेणार का? अवलंबून आहे. संध्याकाळी लवकर येशील का? अवलंबून आहे. लग्नाच्या वेळी नोंदणी कचेरीतल्या माणसाने "तुम्हाला हा विवाह मान्य आहे ना?" असं विचारलं, तेव्हासुद्धा ही बाई क्षणभर थांबली होती. धाकट्याने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे "हो" म्हणाली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात मुकादम. डांबर टाकणारी एक टोळी त्याच्या हाताखाली होती. होती म्हणते, कारण आता नाही, आणि का नाही तेच सांगायला बसले आहे. मी त्याच नगरपालिकेत, सभा शाखेत. सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं आणि त्यातलं कामाचं तेवढं ठेवायचं, हे माझं काम. बोलण्याच्या मानाने कामाचं फार थोडं निघतं. भावजय मात्र विद्यापीठातली, हवामान शिकवणारी. एका घरात मुकादम आणि डॉक्टरेट कशी नांदते, असं लोक मला आडून आडून विचारतात. बरी नांदते. भांडणं होतात ती पंख्याच्या वेगावरून.

दोघांची गाठ रस्त्यावरच पडली. ती तेव्हा विद्यार्थिनी होती आणि भर दुपारी ताज्या डांबराशेजारी उभी राहून काहीतरी मोजत होती. हातात तिचं ते यंत्र. यंत्र कसलं, लाकडी पट्टीवर बसवलेले दोन काचेचे तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि पट्टीला एक फिरती मूठ. मूठ धरून ते लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखं गरगर फिरवायचं आणि मग दोन्ही काचा वाचायच्या. येणारेजाणारे थांबून बघत होते. धाकटा जवळ गेला आणि म्हणाला, "बाई, फिरवायचं ते फिरवा, पण आधी चप्पल सोडवा. ती आता रस्त्याची झाली." खरंच तिची चप्पल डांबरात रुतून बसली होती. त्याने फावड्याने ती खरवडून काढून दिली. पुढचं सगळं त्या चपलेपायी घडलं.

खुळखुळ्याचं मर्म तिने मला एकदा भांडी विसळता विसळता सांगितलं. "ताई, कोरडी काच हवा किती तापलीये ते सांगते. ओली काच सांगते की घाम वाळून अंग किती गार होऊ शकतं. दोन्हींत अंतर भरपूर असलं तर माणूस घाम गाळून निभावून नेतो. अंतर कमी झालं की घाम नुसता वाहतो, वाळत नाही. मग माणूस आतल्या आत शिजायला लागतो. बाहेरून कळतही नाही."

"म्हणजे दोन काचा जवळ आल्या की काही खरं नाही," मी म्हटलं.

"अगदी बरोबर."

इतकं सोपं आहे ते. मला हातात साबण असताना कळलं. इतकं सोपं असूनही पुढे जे झालं ते झालं, याचाच मला संताप येतो.

काही वर्षांपूर्वी नगरपालिकेला वाटलं की आपल्यालाही हवामानाचं धोरण असावं. आजूबाजूच्या शहरांकडे होतं, आमच्याकडे नव्हतं, एवढंच कारण. विद्यापीठाला विनंती गेली आणि भावजय अर्ध्या दिवसासाठी आमच्याकडे आली. सकाळी विद्यापीठात तास घ्यायचे, दुपारी नगरपालिकेत सल्लागार. स्वागताच्या कार्यक्रमात कुलगुरू म्हणाले, या मॅडम विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यातला पूल आहेत. टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की पुलाला दोन्ही बाजूंनी तुडवतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक पलीकडे गेल्यावर त्याला विसरतात. पण तोंड बंद ठेवलं. घरातली माणसं पुढे जात असतील तर आपण मांजर आडवं घालू नये.

नगरपालिकेत हवामानाचं खातंच नव्हतं. म्हणून तिला डास निर्मूलनाच्या खोलीत टेबल दिलं, धुराच्या यंत्रांच्या शेजारी. दारावरची पाटी तीच राहिली. लोक आत येऊन डासांच्या तक्रारी सांगायचे आणि ही बाई त्या लिहून घेऊन रीतसर पुढे पाठवायची. "मोजणीच आहे ती पण," म्हणायची. तिकडे विद्यापीठात ती अर्धा दिवस नसते म्हटल्यावर तिची खोली कुणा पाहुण्या प्राध्यापकाला दिली आणि तिची पुस्तकं व्हरांड्यातल्या कपाटात आली. कपाटाची किल्ली शिपायाकडे. शिपाई जेवायला गेला की तिचं ज्ञानही जेवायला जायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच. आमच्या कचेरीत तोवर तिला नाव पडलं होतं, खुळखुळा मॅडम.

तिने मात्र दोन्हीकडे जीव ओतला. डांबराच्या टोळ्या, कचरा उचलणारे, गटारं उपसणारे, सगळ्यांबरोबर ती उन्हात फिरली. एक उन्हाळा नाही, तीन उन्हाळे. आणि शेवटी एक साधी मागणी घेऊन सभेपुढे आली: उघड्यावर राबणाऱ्या माणसांचं काम उकाड्यात कधी थांबवायचं, याचा नियम करा.

त्या सभेला मी टेबलाच्या टोकाला लिहायला बसले होते. भावजयीने पडद्यावर आलेख दाखवले, रंगीत पट्टे दाखवले. सभासदांनी बिस्किटं खाल्ली. मग थोरल्या इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "ते सगळं ठीक आहे मॅडम. थांबवायचं किती डिग्रीला?"

"ते अवलंबून आहे," ती म्हणाली. मी मनात कपाळावर हात मारला. "हवा दमट असेल तर चौतीसलाच थांबवावं लागेल. कोरडी असेल तर चाळीसपर्यंत चालेल."

"भोंगा वाजवणाऱ्याला 'अवलंबून' कळत नाही हो. एक आकडा द्या."

"एक आकडा नाही देता येणार. प्रत्येक टोळीला हा एकेक तापमापक द्या. मुकादमांना मी शिकवते. दोन काचा बघायच्या, अंतर कमी झालं की थांबायचं. बस."

"म्हणजे काम कधी बंद करायचं ते मुकादम ठरवणार?" साहेब हसले. सगळी सभा हसली. "मग रस्ते झाले आपले! नाही नाही. चौतीस आणि चाळीस म्हणता ना? मध्य काढा. सदतीस. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं."

माना डोलल्या. कचेरीच्या गच्चीवर एक तापमान दाखवणारा फलक आहेच, तो सदतीस दाखवेल तेव्हा भोंगा, असं दोन मिनिटांत ठरलंसुद्धा.

भावजय उभी राहिली. "साहेब, याची सरासरी नाही काढता येत. घरात एकाला चार नंबरची चप्पल लागते आणि एकाला आठ. दोघांना सहा नंबर आणली तर दोघंही अनवाणीच राहणार."

"मॅडम, चपला आपल्या विषयपत्रिकेवर नाहीत," साहेब म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. हशा विरता विरता त्यांनी आणखी एक कलम घातलं. टोळ्यांनी आळस करू नये म्हणून, फलक सदतीसच्या खाली असताना जो काम थांबवेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई.

मी लिहिलं: साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. तिचा विरोध लिहिला नाही, कारण ती सभासद नव्हती, निमंत्रित होती. निमंत्रिताचा विरोध आमच्याकडे घेत नाहीत. बिस्किटं घेतलेली चालतात.

त्या संध्याकाळी मी तिला घरी चांगलीच झापली. "एक आकडा द्यायला काय झालं होतं गं? चौतीस म्हणायचं आणि मोकळं व्हायचं!"

"कोरड्या हवेत चौतीसला काम बंद ठेवलं तर पंधरा दिवसांत नियमच मोडीत काढतील, ताई."

"मग चाळीस म्हणायचं."

"आणि दमट दिवशी माणसं मारायची?"

"मग भोगा आता सदतीस."

तिने ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि तिथेच उभी राहिली. धाकटा म्हणाला, "आमच्या घरात छत्तीसचा आकडा नव्हता म्हणून देवाने सदतीसचा पाठवला." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

त्याच सुमारास विद्यापीठात तिची बढतीची मुलाखत झाली. विभागप्रमुख म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, पण हे सेवाकार्य झालं. संशोधन म्हणजे नवं ज्ञान. ओल्या फडक्यात नवं काय आहे?" त्यांचं ऐकून ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "फडकं जुनंच आहे, ताई. ते कुणी बघत नाही, हे पण जुनंच. मग मी नवं कुठून आणू?" बढती पुढच्या वर्षावर गेली. पुढचं वर्ष हे आमच्या विद्यापीठात फार मोठं कपाट आहे, त्यात सगळं मावतं.

उन्हाळा आला. सुरुवातीचे दिवस कोरडे, वारा सुटलेला. एका दुपारी फलकावर सदतीस उमटले आणि भोंगा वाजला. झाडाखाली तर गार झुळूक होती. टोळ्या फावडी टाकून बसल्या, पत्ते निघाले, अर्ध्यावर सोडलेलं डांबर दगड झालं. वर्तमानपत्रांनी टोपी उडवली. असं चारपाचदा झालं. लोक माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "तुमच्या मॅडमचा भोंगा फार नाजूक हो." आणि भावजयीची गंमत अशी की कुणी तिला विचारलं तर ती प्रामाणिकपणे सांगायची, "बरोबर आहे, आज थांबायची गरज नव्हती." अगं, निदान आपल्या नावाने चाललेल्या नियमाची तरी बाजू घे! पण नाही. खरं बोलण्याची खोड लागली की ती सुटत नाही, आणि तिचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच होतो.

मग तो दिवस आला. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही. पान हलत नव्हतं. कागद हाताला चिकटत होते. फलकावर पस्तीस. कचेरीतले लोक म्हणत होते, बरं झालं, ऊन नाही आज.

भावजय विद्यापीठाच्या गच्चीवर मुलांना शिकवत होती. खुळखुळा फिरवला, काचा वाचल्या, पुन्हा फिरवला, पुन्हा वाचल्या. दोन काचा जवळजवळ हातात हात घालून बसल्या होत्या. तिने तिथूनच इंजिनिअरसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "मॅडम, पस्तीस आहे. उगीच घाबरवू नका." आरोग्याधिकाऱ्यांना लावला. ते म्हणाले, "भोंगा माझ्या अखत्यारीत नाही." दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला लावला. त्याला सगळे घड्याळ म्हणतात, कारण तो कधी मिनिटभर उशीर करत नाही. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, भोंगा झाला की लगेच थांबतो. त्याआधी थांबलो तर माझ्यावर येईल."

शेवटी तिने धाकट्याला फोन केला. तो पुढे कितीदा तरी ते बोलणं सांगायचा, कारण त्यात एकदाही 'अवलंबून' नव्हतं.

"थांबव."

"भोंगा कुठे झालाय?"

"थांबव म्हणते ना. सगळ्यांना सावलीत घे, पाणी अंगावर ओत, नुसतं प्यायला देऊ नकोस."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

धाकट्याने शिट्टी मारली. टोळी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात जाऊन बसली. वाफाळणारं डांबर रस्त्यात तसंच पडलं.

दोन गल्ल्या पलीकडे घड्याळची टोळी काम करत राहिली. त्यांचा रोलर चालवणारा माणूस बसल्या जागीच कलंडला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रोलर चालतच होता, सावकाश, सरळ, ताज्या डांबरावरून. पदपथाच्या कडेला लागून घरघरत थांबला तेव्हा लोक धावले. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्याच्या लग्नात धाकटा नाचला होता.

भावजय आरोग्याधिकाऱ्यांकडे गेली तेव्हा मी सोबत होते. मृत्यूच्या कारणापुढे त्यांनी हृदयविकार लिहिलं होतं.

"हा उष्माघात आहे," ती म्हणाली.

"मॅडम, त्या दिवशी इशारा नव्हता. फलक पस्तीस. मी उष्माघात लिहिलं तर वरून विचारतील, इशारा नव्हता तर उष्माघात झाला कसा? मी काय उत्तर देऊ?"

"हेच, की इशारा चुकला."

"इशारा नियमाप्रमाणे आहे. नियम तुमच्याच धोरणातला आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसायला त्याला फार वेळ लागला. "हृदय बंद पडलंच ना शेवटी? खोटं काही नाही त्यात."

बाहेर जिन्यात ती पायरीवर बसली. "ताई, सदतीसच्या वर कुणी काम करणार नाही. सदतीसच्या खाली जो मरेल तो उष्माघाताने मेला असं लिहिणार नाहीत. कळतंय का तुम्हाला? या शहरात आता उकाड्याने कुणी कधी मरणारच नाही." मला कळलं. त्या जिन्यात मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनातल्या मनात सगळ्या सभेला शिव्या घातल्या.

आणि कारवाई झाली ती कुणावर? धाकट्यावर. मर्यादेखाली काम थांबवलं, डांबर वाया घालवलं. चौकशी लागली. नेहमी अशा चौकशीचं लिहायला मीच बसते, पण मी बहीण म्हणून मला बसू दिलं नाही. निःपक्षपाती कारभार! मी त्याची मदतनीस कर्मचारी म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसले, तोंड न उघडण्याच्या अटीवर. साक्षीला मात्र त्यांनी त्याच्या बायकोलाच बोलावलं. मी चौकशी अधिकाऱ्यांकडे डोळे फाडून पाहिलं. ते म्हणाले, "त्या विद्यापीठाच्या आहेत. त्रयस्थ आहेत." इतकी वर्षं डासांच्या खोलीत बसून ती आमची झाली नव्हती. त्या दिवशी ते कामी आलं, आमच्याच विरुद्ध.

"मॅडम, मंजूर धोरणाप्रमाणे त्या दिवशी मर्यादा ओलांडली होती का?"

"हवेतली आर्द्रता बघता..."

"हो की नाही?"

"साहेब, ते अव..."

"मॅडम. हो की नाही?"

ती धाकट्याकडे बघत होती. धाकट्याने खांदे उडवले, म्हणजे सांगून टाक. माझ्या जिभेच्या टोकाशी 'हो म्हण' असं आलं होतं, मी ते दातांखाली दाबून धरलं. ती हो म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी फलकाची नोंद पुढे केली असती आणि बाई खोटी ठरली असती. मग पुढे तिच्या दोन काचांवर कुणी विश्वास ठेवला असता?

"नाही," ती म्हणाली.

"लिहा," अधिकारी म्हणाले. "नाही."

त्यानंतर ती बरंच बोलली. दोन काचा, रोलर, घाम, सगळं. लिहिणाऱ्याने पेनाचं टोपण लावलं होतं.

धाकट्याची टोळी काढून घेतली आणि त्याला भांडारात बसवलं. पंख्याखाली, खुर्चीवर, खराट्यांचा आणि बादल्यांचा हिशेब ठेवायला. टोळी घड्याळकडे गेली. धाकटा म्हणतो, "बायकोचं धोरण यशस्वी झालं, मी सावलीत आलो." विनोद करतो, पण संध्याकाळी लवकर घरी येतो आणि काय करावं ते न कळून नळाच्या चकत्या बदलत बसतो. आमच्या घरातला एकही नळ आता गळत नाही.

उन्हाळा संपता संपता भावजयीला एकाच दिवशी दोन निरोप आले. नगरपालिकेच्या धोरणाला कुठल्याशा मोठ्या परिषदेत पुरस्कार मिळाला होता: नियम लागू झाल्यापासून उष्माघाताचे मृत्यू शून्य. तिने मंचावर जाऊन ते सादर करायचं होतं. आणि विभागप्रमुखांचा निरोप, की पुरस्कार मिळालेलं काम बढतीसाठी धरता येईल, नियमात तशी तरतूद आहे, अभिनंदन. जन्मभर उपाशी ठेवलेल्या पाहुण्याला दोन्ही घरांनी एकदम पान वाढलं, आणि पानात काय, तर तो शून्य.

इंजिनिअरसाहेब स्वतः डासांच्या खोलीत आले. मी तिथेच होते. "मॅडम, जाणार ना? तिकिटं काढायला सांगतो."

मला वाटलं, आता म्हणेल, अवलंबून आहे. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की तिने जावं. व्हरांड्यातलं कपाट सुटलं असतं, खोली परत मिळाली असती. तिथे मंचावर उभं राहून खरं काय ते सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तसं डोळ्यांनी खुणावलंही.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांना वाटलं की नीट ऐकू आलं नाही. "म्हणजे? तारीख सोयीची नाही का?"

"नाही. मी येणार नाही. त्या शून्यात एक माणूस आहे."

साहेब स्वतः गेले. फोटो आला वर्तमानपत्रात, हातात मोठी काचेची ढाल. महिन्याभरात भावजयीची नगरपालिकेतली मुदत वाढवायची राहून गेली. विद्यापीठात बढती पुन्हा त्या कपाटात. मी तिच्यावर ओरडले, दोन दिवस अबोलाही धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, रुसवा किती दिवस?" चिडवायचं असलं की मला वन्सं म्हणते. मी म्हटलं, "बघू."

परवा पुन्हा तसाच दिवस होता. आभाळ भरलेलं, वारा नाही. फलकावर पस्तीस. मी सभा शाखेच्या खिडकीशी वारा खायला गेले तर खाली चौकात डांबराचं काम चालू होतं, घड्याळ कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि रोलरच्या समोर, वाफाळत्या रस्त्यात, माझी भावजय. हातात खुळखुळा. तास सोडून आली असणार. रोलर थांबला होता. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि लोक खिडक्यांतून हसत होते.

मी छत्री उचलली आणि खाली उतरले. साहेबांनी जिन्यात विचारलं, कुठे निघालात, मी ऐकलं नाही असं केलं.

घड्याळ रडकुंडीला आला होता. "मॅडम, बाजूला व्हा हो. अजून सदतीस झालेलं नाही. मी थांबलो तर माझंही धाकटेसाहेबांसारखं होईल."

"तू थांबलेला नाहीस," भावजय त्याला म्हणाली. "मी थांबवलंय. तसंच सांग." आणि तिने काचा त्याच्यापुढे धरल्या. त्याने पाहिलं. मीही पाहिलं. दोन्ही अगदी जवळ होत्या.

टोळीतली माणसं हळूहळू फावडी टेकवून सावलीकडे सरकली. रोलरवरचा नवा माणूसही खाली उतरला आणि कपाळ पुसत राहिला. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, छत्री दोघींवर धरली. पायाखालचं डांबर मऊ लागत होतं. चप्पल गेली कामातून, हे मला तेव्हाच कळलं.

"ताई, तुम्ही पण?" घड्याळ कळवळून म्हणाला. "आता किती वेळ उभ्या राहणार तुम्ही दोघी?"

भावजयीने माझ्याकडे पाहिलं.

"ते अवलंबून आहे," मी म्हटलं.